सकाळची गोड, संध्याकाळची कडक

माझा एक सोलापूरकर दोस्त दोन वर्षं लंडनला प्रोजेक्टवर होता. परत आल्यापासून एकच रेकॉर्ड: 'रिअल एल'! खेड्यातला जुना पब, तळघरातलं पिंप, त्यात अजून आंबतच असलेली बीअर, वरून गॅस नाही, हातपंपाने ग्लास भरायचा. कंपन्यांच्या बेचव बीअरला वैतागून तिकडे 1971 मध्ये चक्क चळवळ उभी राहिली.

"मग आपली शिंदी काय वेगळी बे?" मी विचारलं. साहेब गप्प. जन्म सोलापुरात, पण कधी चाखलेली नाही. (मीही नव्हती. पण ते लगेच कशाला सांगा?)

रविवारी सकाळी बाइक काढली आणि पूर्व भाग गाठला. गिरण्या आणि मागांसाठी आलेल्या तेलुगू विणकरांची ही वस्ती. त्यांच्या भाषेत हिचं नाव 'कल्लू'. लाकडी बाकडं, प्लास्टिकचा जग, सोबत खारे शेंगदाणे. मालक म्हणाले, "सकाळची हाय, गोड लागंल. सांजच्याला या, मग कळंल."

आम्ही दोन्ही वेळा गेलो. सकाळी ती नारळपाण्याची फेसाळ बहीण वाटली. संध्याकाळी तीच आंबट, उग्र, नाकात जाणारी. रस झाडावरून उतरला की यीस्ट लगेच कामाला लागतं; दुसऱ्या दिवशी ती व्हिनेगरच्या वाटेवर असते. नीरा हवी असेल तर म्हणूनच मडक्याला आतून चुना लावतात.

उत्साहात दुसऱ्या एका ठिकाणी गेलो. रात्रीचे आठ वाजलेले, तरी शिंदी गोडच! झाडं कुठली, विचारलं तर उत्तर नाही. झाडं थोडी, गिऱ्हाईक फार, की पाण्यात क्लोरल हायड्रेट पडतं. हे मुळात झोपेचं औषध. राज्यात या भेसळीने माणसं मेलीत. ग्लास तसेच ठेवून निघालो.

याच शहरात मे 1930 मध्ये, गांधीजींच्या अटकेनंतर, लोक शिंदीची झाडं तोडायला निघाले होते. गोळीबार झाला, पुढे मार्शल लॉ लागला. आज मात्र आम्हाला एक झाड बघायलाही पत्ता विचारावा लागला. तो पहिल्या दुकानाच्या मालकांनीच दिला: शहराबाहेर, ओढ्याकाठी. रस उतरवणारा पहाटे साडेपाचला येतो.

दोस्त तयार आहे. उठवायचं कुणी, यावर वाद चालू आहे.