मित्र व्यसनानं गेला, आता मी कसा टिकू?

ज्यांनी दारू किंवा दुसरं एखादं व्यसन सोडलं आहे आणि ज्यांचा मित्र त्याच व्यसनानं नुकताच गेला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर तुम्हीही वाचा.

काही दिवसांपूर्वी माझा एक जुना रुग्ण दवाखान्यात आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) चार वर्षं त्यानं दारूला हात लावलेला नाही. व्यसनमुक्ती केंद्रात शेजारच्या कॉटवर असलेला माणूस पुढे त्याचा जिवलग मित्र झाला. दोघं एकत्र मीटिंगला जायचे. मित्र मधेमधे घसरायचा आणि पुन्हा सावरायचा. शेवटच्या वेळी मात्र सावरला नाही. रक्ताची उलटी झाली, इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

दहाव्याला हा घाटावर गेला. पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. घरच्यांनी हात जोडले, "मुलांना आम्ही बघू" असं सांगून झालं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "अरे, त्याची इच्छा कशात होती ते माहीत नाही का?" आणि पिशवीतून क्वार्टर काढून, झाकण उघडून पिंडाशेजारी ठेवली.

"डॉक्टर, तोवर मला रडू आलं नव्हतं," तो म्हणाला. "वास आला आणि रडू फुटलं. त्याच क्षणी प्यावंसंही वाटलं. माझी मलाच लाज वाटली."

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. असं का होतं, ते आधी समजून घेऊ.

तेव्हा मेंदूत काय होतं?

दारू सुटली तरी मेंदूतली तिची आठवण पुसली जात नाही. वास, जागा, माणसं, ठरावीक वेळ यांच्याशी ती जोडलेली असते. वर्षानुवर्षं गप्प बसलेली ही जोडणी एखाद्या खुणेनं क्षणात जागी होते. त्यातच मृत्यूचा धक्का हा मोठा ताण असतो. ताणात व्यसनाची ओढ वाढते आणि स्वतःला आवरण्याची ताकद नेमकी कमी पडते. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या गटांत चार गोष्टींपासून जपायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. मित्र गेल्यानंतरच्या दिवसांत या चारही एकदम दारात उभ्या असतात. जेवण सुटतं, झोप उडते, राग कुणावर काढावा कळत नाही आणि हे सगळं ज्याला सांगितलं असतं, तोच नसतो.

म्हणून तलफ आली तर "माझी चार वर्षं फुकट गेली" असं समजू नका. तलफ म्हणजे पिणं नव्हे. ती लाटेसारखी चढते आणि उतरते. बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत तिचा जोर ओसरतो. तेवढा वेळ कुणाच्या तरी सोबतीनं काढायचा असतो.

या दुःखाला कुणी दुःख मानत नाही

अपघातात मित्र गेला तर लोक भेटायला येतात. व्यसनानं गेला तर म्हणतात, "पिऊन मेला. घरचे तरी सुटले." तुम्हाला तर आणखी एक टोमणा मिळतो: "बघ, तुझंही असंच झालं असतं." केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकानं १९८९ साली अशा दुःखावर पुस्तक लिहिलं. समाज ज्याला मान्यता देत नाही, ज्याचं सांत्वन करायला कुणी येत नाही, ते दुःख आत साचत जातं आणि जास्त काळ छळतं, असं त्याचं म्हणणं होतं.

गटातल्या मैत्रीचं तर आणखीच अवघड असतं. तिथे आडनावंही सांगत नाहीत. मित्राच्या घरी गेलात तर "तुम्ही कोण?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं हेही कळत नाही. पण ज्यानं तुमची सगळ्यात वाईट रात्र ऐकून घेतली, तो तुमचा जवळचाच माणूस होता. त्याच्यासाठी रडायला तुम्हाला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

तीन वाक्यांपासून सावध राहा

माझ्या अनुभवात दुःखातला माणूस पुन्हा व्यसनाकडे जातो, तेव्हा त्याच्या मनात बहुधा या तीनपैकी एखादं वाक्य असतं.

पहिलं: "त्याच्या नावानं एकच." हे वाक्य मैत्रीचा वेष घेऊन येतं, म्हणून जास्त फसवं असतं. ज्या आजारानं त्याला नेलं, त्याच आजाराची ही भाषा आहे, हे ओळखा.

दुसरं: "तो नाही टिकला, तर मी काय टिकणार?" व्यसन हा पुन्हा उलटू शकणारा आजार आहे. उपचारांनंतर साधारण ४० ते ६० टक्के लोक केव्हा ना केव्हा पुन्हा घसरतात. रक्तदाब आणि दमा या आजारांतही उलटण्याचं प्रमाण साधारण असंच असतं. रक्तदाबाचा एक रुग्ण दगावला म्हणून दुसरा गोळ्या बंद करत नाही, उलट अधिक नेमानं घेतो. मित्राच्या जाण्यातून आजार किती गंभीर आहे ते कळतं. उपचार निरुपयोगी आहेत, असं त्यातून सिद्ध होत नाही.

तिसरं: "त्या रात्री मी फोन उचलला असता तर..." माझ्या रुग्णाला हेच खात होतं. मी त्याला कागदावर चित्र काढून दाखवलं. दारूनं यकृत निबर होत जातं, तिथला रक्तप्रवाह अडतो, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि एक दिवस फुटतात. हे व्हायला वर्षं लागतात. एका न उचललेल्या फोननं ते होत नाही आणि एका उचललेल्या फोननं थांबतही नाही. तुम्ही त्याचे मित्र होता, त्याचं यकृत तुमच्या हातात नव्हतं.

अंत्यदर्शनाला जावं की नाही?

इथे माझं मत अनेक नातेवाइकांना पटत नाही. "याला तिकडे पाठवू नका, पुन्हा प्यायला लागेल," असं ते म्हणतात. काळजी खरी आहे. तरी मला वाटतं, नुकतंच व्यसन सोडलेल्या आणि अजून अस्थिर असलेल्या रुग्णाचा अपवाद वगळता, माणसाला जाऊ द्यावं. निरोप न घेता राहिलेलं दुःख घरी बसून कमी होत नाही. फक्त एकट्यानं जाऊ नये आणि तयारीशिवाय जाऊ नये.

तयारी म्हणजे काय? न पिणारा एक माणूस सोबत घ्या आणि त्याला आधीच सांगून ठेवा, "मी निघू म्हटलं की निघायचं." जाण्यापूर्वी पोटभर जेवा. परतीचं वाहन स्वतःचं ठेवा. विधी झाला की थांबू नका. "चल, जरा बसू" हे आमंत्रण बहुधा त्यानंतरच येतं. थेट घरी या किंवा त्या संध्याकाळच्या मीटिंगला जा आणि तिथे त्याचं नाव घेऊन बोला. पुढचे काही आठवडे मीटिंग आणि फॉलोअप वाढवा. तेराव्यानंतर बाकीचे आपापल्या कामाला लागतात आणि तुमचा एकटेपणा तेव्हाच खरा सुरू होतो. वाढदिवस, वर्षश्राद्ध, पगाराचा दिवस या तारखांना आधीच कुणाची तरी सोबत ठरवून ठेवा.

काही वैद्यकीय सूचना

झोप येत नाही म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणाच्या झोपेच्या गोळ्या घेऊ नका. त्यांचीही सवय लागते. तुमच्या डॉक्टरांना भेटा आणि पूर्वी व्यसन होतं हे स्पष्ट सांगा.

डायसल्फिरामची गोळी चालू असेल तर दारूचा एक घोटही धोक्याचा ठरू शकतो. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो.

पूर्वी ब्राऊन शुगर किंवा तत्सम पदार्थ घेत असाल, तर हे नीट लक्षात ठेवा: काही काळ सोडल्यावर शरीराची सहनशक्ती कमी होते. पूर्वी पचणाऱ्या मात्रेनंच आता श्वास थांबू शकतो.

आणि घसरलातच, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. एकदा घसरणं म्हणजे सगळं संपणं नव्हे, लपवण्यानं मात्र ते वाढत जातं. काही दिवस रोज भरपूर पिणं झालं असेल, तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. फिट येणं, भ्रम होणं असे जिवावर बेतणारे त्रास होऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवा.

जगू नये असं वाटत असेल, तर एक मिनिटही एकटे राहू नका. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही वेळी लावता येतो. व्यसनासंबंधी मदतीसाठी १४४४६ हा क्रमांक आहे.

घरच्यांना एक विनंती: त्याच्या तोंडाचा वास घेत फिरू नका. "आज त्याची आठवण आली का?" एवढं विचारा आणि उत्तर ऐकून घ्या.

इच्छा कशात होती?

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पाहणीत, दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळाल्याचं आढळलं. म्हणजे केंद्राच्या दारापर्यंत पोचणं हीच मोठी गोष्ट आहे. माझ्या रुग्णाचा मित्र त्या दारापर्यंत तीनदा पोचला होता.

मी त्याला विचारलं, "घाटावर ते म्हणाले, त्याची इच्छा बाटलीत होती. तुम्ही त्याला जास्त ओळखत होता. तुम्हाला काय वाटतं?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सुटायचं होतं हो त्याला."

मलाही तसंच वाटतं. मीटिंगच्या आधी सगळ्यांसाठी चहा करण्याचं काम तो मित्र करायचा. आता ते हा करतो. त्या दिवशी त्यानं प्यायली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. दुःख कमी झालंय का? नाही. पण ते शुद्धीत राहून सोसता येतं, एवढं त्याला कळलं आहे.

तुम्हीही त्याच दुःखात असाल, तर आज रात्री पोटात दोन घास जाऊ द्या, झोपण्याचा प्रयत्न करा. आणि आत्ता, हे वाचून झाल्यावर, एका माणसाला फोन करा.