शिखरजी तीर्थ, आणि आमचा डोंगर मौजेचा?



चातुर्मास बसला की आपले साधू-साध्वी विहार थांबवतात. पावसाळ्यात जमीन जिवांनी भरलेली असते, पावलागणिक हिंसा घडते, म्हणून चार महिने एका जागी. आणि नेमक्या त्याच चार महिन्यांत आपली श्रावकांची घरे भटकायला बाहेर पडतात. कर्जत लोकल पकडायची, नेरळच्या पुढच्या भिवपुरी रोडला उतरायचे आणि आषाणेच्या धबधब्याखाली उभे राहायचे. नाहीतर गाडी काढून कुणाच्या फार्महाऊसवर. मी इथेच राहते, दर रविवारी हे पाहते, आणि यंदा गोड भाषेत लिहिणार नाही.

डिसेंबर २०२२ आठवा. सम्मेद शिखरजीला पर्यटनस्थळ करू नका म्हणून आपण बायका मोर्चात उतरलो होतो. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने पारसनाथ डोंगराभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र जाहीर केले, त्यात पर्यटनाची तरतूद होती. वीस तीर्थंकर जिथून मोक्षाला गेले तिथे सहली, दारू, आरडाओरडा नको, एवढेच आपले म्हणणे. जयपूरला एका मुनींनी उपोषणात देह ठेवला. ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्राने त्या तरतुदी थांबवल्या. योग्यच झाले. पण तो डोंगर संथाळांचाही देव आहे, मरांग बुरू, हे त्या गदारोळात आपल्यातल्या कितीजणींनी ऐकून घेतले?

त्याच वर्षी १९ जुलैच्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकरांची वाडी. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली, चार दिवसांनी शोध थांबवला. आमच्या व्हॉट्सॲप गटात लगेच जोडलेल्या हातांची चित्रे आली. तिसऱ्या दिवशी त्याच गटात धबधब्याचा व्हिडिओ होता, मागे गाणे आणि खाली जागेचा नकाशा. झारखंडचा डोंगर आपल्याला पवित्र, आणि दाराशी असलेला डोंगर मौजेचा? तिथे तर माणसे राहतात, आणि मरतात.

समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे प्रकार दिले आहेत. अनर्थदंड म्हणजे काही कारण नसताना केलेले पाप. त्यातल्या एकाचे नाव प्रमादचर्या. विनाकारण माती खणणे, पाणी उधळणे, विस्तव पेटवणे, झाडे तोडणे, उगीच भटकणे आणि दुसऱ्याला भटकायला लावणे. हे शेवटचे पुन्हा वाचा. दुसऱ्याला भटकायला लावणे! आचार्यांच्या काळी ते तोंडाने करावे लागे, दोन-चार माणसे ऐकत. आता तुमची सून पंधरा सेकंदांचे रील टाकते आणि पुढच्या रविवारी दोनशे पोरे त्या दगडावर चढतात. त्यातला एखादा घसरला तर? तुम्ही म्हणाल, फोनला काय दोष? फोनला नाहीच. मी तिकीटही फोनवरच काढते, रांग वाचते, गुडघे वाचतात. दोष बोटाचा.

पाण्याचेही तेच. घरी आपण पाणी गाळल्याशिवाय ओठाला लावत नाही, आणि फार्महाऊसवर रेन डान्स चालतो. वरून न गाळलेल्या पाण्याच्या धारा, खाली आपली मुले-नातवंडे, आणि फलकावर ‘जैन जेवण मिळेल’. बटाट्याऐवजी कच्चे केळे घातलेली पावभाजी खाल्ली की धर्म सांभाळला! (बरी लागते, ते मान्य.) इथलेच पाहा. भिवपुरीचे टाटांचे वीजघर १९२२ पासून वर घाटातून आणलेल्या पाण्यावर चालते, ते पाणी पुढे पेज नदीत उतरते आणि राजनाल्याने उन्हाळी भाताला जाते. पाण्याला कारण आहे. रेन डान्सला कोणते? एप्रिल-मेमध्ये याच तालुक्यातल्या आदिवासी वाड्यांतल्या बाया हंडे घेऊन पाणी शोधत फिरतात.

‘पण स्थानिकांना रोजगार मिळतो ना!’ हे मला हमखास ऐकवले जाते. मिळतो. मक्याची कणसे विकणारीला रविवारी चार पैसे सुटतात, ही जमेची बाजू. नावे कोणाच्या पडते? जुलैत लावणी झालेली असते, धबधब्याची वाट खाचरांच्या बांधांवरून जाते, आणि फुटलेली बाटली चिखलात अनवाणी उतरणाऱ्या कातकरणीच्या पायात जाते. आणि रोजगाराचा एवढाच कळवळा असेल तर स्टेशनबाहेर टाकळा-कुर्डू घेऊन बसलेल्या बाईकडे आपण बघत तरी का नाही? चातुर्मासात पालेभाजी सोडली असते म्हणून. बरे, मग तिच्याकडची काकडी घ्या.

सरकारला शिव्या देणेही सोपे. प्रशासन पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीचे आदेश काढते, पोलीस वाट अडवतात, आणि आपलेच पुरुष ‘ओळख आहे’ म्हणून फोन फिरवतात. मत मागायला आलेल्याला ‘पर्यटन वाढवा’ हे आपणच सांगतो, कारण घेतलेल्या प्लॉटचा भाव चढावा. शिखरजीसाठी निवेदनावर ज्या हातांनी सह्या केल्या त्यांनी इथल्या डोंगरासाठी एक सही करून दाखवावी. नवा रिसॉर्ट नको, आधी वाड्यांना पाणी. एवढ्या दोन ओळी पुरतील.

महाराजांपुढे चातुर्मासाचा नियम घेताना दर वर्षी आपण काही ना काही खाण्याचे सोडतो. यंदा दिग्व्रत घ्या. कोणत्या दिशेला किती अंतर जायचे, याची मर्यादा आखा. दर्शनाला, आजारपणाला, कामाला जा की, कोण अडवतंय! धबधबा सोडा. आणि त्याचा व्हिडिओ आला तर पुढे पाठवू नका.

माझ्याकडे पावसाळ्यात पाहुणे वाढतात, का ते मला कळते. मी त्यांना घरचा पत्ता देते, धबधब्याचा रस्ता सांगत नाही. गेल्या रविवारी भाचा चार मित्रांना घेऊन आला, दोनदा विचारले, मग पोहे खाल्ले आणि दुपारच्या लोकलने डोंबिवलीला परत गेला. रुसला आहे. दशलक्षण संपले की क्षमावणीला येईलच.