उडती टॅक्सी आधी कोणासाठी?



विजेवर चालणारी उडती टॅक्सी निघणार, असे गुरुजींनी सांगितले तेव्हा वर्गात एकच गलका झाला. ती हेलिकॉप्टरसारखी जागच्या जागी वर चढते, म्हणून तिला धावपट्टी लागत नाही. अमेरिकेतल्या आर्चर कंपनीच्या ‘मिडनाइट’ला तर १२ पंखे आहेत आणि चालक धरून पाच जण बसतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्याकडच्या इंटरग्लोबने आर्चरबरोबर जाहीर केले होते की, २०२६ पासून दिल्लीच्या कनॉट प्लेसहून गुरुग्रामला ७ मिनिटांत नेऊ. रस्त्याने तिथे तास-दीड तास लागतो म्हणे.

माझे मत असे आहे की, ही टॅक्सी आधी भिवापूरला पाहिजे. तुम्ही हसाल. पण ऐका.

मागच्या संक्रांतीनंतर एका रात्री माझ्या आबाजींचे तोंड वाकडे झाले आणि उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, लवकर नागपूरला न्या. गाडी मिळायला वेळ गेला. उमरेडच्या पुढे रस्त्यात ट्रक बंद पडलेला. पोचलो तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या नसेत रक्ताची गाठ अडकली की साडेचार तासांच्या आत इंजेक्शन द्यावे लागते, तुम्हाला उशीर झाला. आबाजी वाचले. पण आता ते डाव्या हाताने जेवतात.

मी नकाशावर पट्टी ठेवून मोजले. भिवापूर ते नागपूर सरळ रेषेत ६० किलोमीटरच्या आत भरते. ताशी २०० किलोमीटर वेगाने उडाले तर १८ मिनिटे. हे गणित गुरुजींनी तपासले आहे.

मद्रास आयआयटीतून निघालेल्या ई-प्लेन कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये ७८८ उडत्या रुग्णवाहिका देण्याचा करार केला, प्रत्येक जिल्ह्याला एक मिळावी म्हणून. ही बातमी मला दिल्लीच्या बातमीपेक्षा जास्त आवडली. पण जिल्ह्याला एकच, तर ती उभी कुठे राहील? नागपूरलाच ठेवतील. मग बोलावल्यावर यायला १८ मिनिटे आणि न्यायला १८, झाली ३६. शिवाय बॅटरी जड असते. एक किलो पेट्रोलात जेवढी ऊर्जा मावते तेवढीसाठी जवळजवळ चाळीस किलो बॅटरी लागते, म्हणून ही विमाने फार लांब जाऊ शकत नाहीत. नागपूरवाल्यांच्या तर दारातच मोठे दवाखाने आहेत. म्हणून ती भिवापूरला, जिल्ह्याच्या टोकाला उभी ठेवावी. नरखेडची मुले म्हणतील, आम्हीही टोकालाच आहो. त्यांचेही खरेच आहे.

माझ्या आईचे म्हणणे निराळे. ती म्हणते, एवढ्या पैशात डोक्याचा फोटो काढायचे यंत्र अन् डॉक्टर इथेच आणले तर उडायचं कामच काय? यावर मी दोन दिवस विचार केला. तिचे बरोबर आहे. पण मोठे ऑपरेशन काही इथे होणार नाही, तेव्हा काही लोकांना जावेच लागेल. म्हणून मी दोन्ही मागतो.

उतरायला आपल्या शाळेचे मैदान चालेल. मात्र मिरचीच्या सातऱ्याजवळ उतरवू नये, नाहीतर पंख्यांच्या वाऱ्याने सारे गाव शिंकत सुटेल. लाईन गेली तर चार्जिंग कसे करायचे, तेही आधीच ठरवावे लागेल. वादळवाऱ्यात ती उडणार नाही, तेव्हा गाडीच लागेल.

हे सगळे मी आबाजींना वाचून दाखवले. ते म्हणाले, “आकाशात गड्डे नसतात हे बरं हाय. पण खाली उतरल्यावर दवाखान्याच्या दारापर्यंत रस्ता लागनच ना? ते लिहिलं का?”

लिहिले नव्हते. आता लिहिले.

— इयत्ता ४ थी