विश्लेषण : दीवचा आमदार कुठे गेला?

दीव म्हटले की किल्ला, नागोवाचा किनारा आणि दारूबंदी असलेल्या गुजरातच्या उशाशी थाटलेली मद्याची दुकाने, एवढेच बहुतेकांना आठवते. सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, अरुंद खाडीने मुख्य भूमीपासून वेगळे झालेले हे जेमतेम ४० चौरस किलोमीटरचे बेट. खाडीपलीकडचे घोघला धरून दीव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ५२,०७४ होती. एवढ्याशा जागेसाठी एके काळी साम्राज्ये झुंजली.

कारण भूगोल!

बेटामागची खाडी हा जहाजांचा आसरा, आणि खंबातच्या आखाताकडून अरबस्तान व तांबड्या समुद्राकडे जाणारा माल जवळूनच जाई. ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवसमोर पोर्तुगीजांनी इजिप्तचे मामलूक आणि गुजरातचा सुलतान यांच्या संयुक्त आरमाराचा पराभव केला. मात्र बेट हाती लागले नाही. ते मिळाले हुमायूनमुळे. त्याच्या स्वारीने कोंडीत सापडलेल्या बहादूरशाहाने १५३५ मध्ये किल्ला बांधू दिला. वसई आणि मुंबईची बेटे त्याने आदल्याच वर्षी देऊन टाकली होती. पुढे १५३८ आणि १५४६ चे मोठे वेढे पोर्तुगीजांनी परतवले. दीवचे वाणी मोझांबिकपर्यंत कापड नेत आणि हस्तिदंत आणत. पुढे व्यापार सुरत आणि मुंबईकडे सरकला, दीव मागे पडले. पोर्तुगीज मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत हलले नाहीत.

मग आमदार कधी होता?

‘गोवा, दमण आणि दीव’ या केंद्रशासित प्रदेशाच्या ३० सदस्यांच्या विधानसभेत दीवची एक जागा होती. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या प्रश्नामुळे मराठी वाचकाला ठाऊक असतो. त्याच कौलात दमण आणि दीवकरांपुढे गुजरातचा पर्याय होता, हे फारसे कुणी सांगत नाही. त्यांनी तो नाकारला. ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले, विधानसभा गोव्याची झाली आणि दीवची जागा गेली. २६ जानेवारी २०२० रोजी दादरा आणि नगर हवेलीशी एकत्रीकरण झाले. या दोन्ही वेळा कौल घेतला गेला नाही.

आज नगरपरिषद आणि जिल्हा पंचायत आहे, दमणसह मिळून एक खासदार आहे. मधल्या पायरीवर कुणीच नाही. प्रदेशाचे मुख्यालय दमणला. नकाशावर ते आखाताच्या समोरच्या काठावर दिसते, पण रस्त्याने वळसा सहाशे किलोमीटरहून अधिक. बाजाराला लोक शेजारच्या उन्याला जातात, उच्च न्यायालय मात्र मुंबईचे. हा पोर्तुगीज नकाशाचा वारसा. भूगोलाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

एवढ्या छोट्या प्रदेशाला विधानसभा परवडणार नाही, हा युक्तिवाद चुकीचा नाही. पण मग ज्या खात्यांचे निर्णय दमणला होतात, त्यांचे अधिकार दीवच्या जिल्हा पंचायतीकडे आणि नगरपरिषदेकडे का देऊ नयेत? वणाकबाऱ्याच्या मच्छीमाराला बंदरातल्या गाळाबद्दल किंवा डिझेलबद्दल जाब विचारायचा, तर तो निवडून दिलेल्या माणसाला आणि बेटावरच विचारता यायला हवा. १९६७ मध्ये केंद्रशासित राहण्याला मत देणाऱ्यांनी आपला आमदार घालवण्याला मत दिले नव्हते.