सामना संपल्यानंतर

खो-खोला दोन खांब आणि मोकळी जमीन यांपलीकडे काही लागत नाही, म्हणून तो गरिबांचा खेळ, असे आपण कौतुकाने म्हणतो. ते अर्धसत्य आहे. खेळाला काही लागत नसले तरी खेळणाऱ्या शरीराला लागते.

धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. २०२० साली अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्यांनी वार्ताहरांना सांगितले की, जवळजवळ दहा वर्षे आपण दिवसातून एकदाच जेवत होतो. घरच्या ओढगस्तीने २०१६ मध्ये त्या खेळच सोडायला निघाल्या होत्या. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घालून त्यांना मैदानावर परत आणले. प्रशिक्षकाचे काम कुठवर जाते, याचे हे उदाहरण. वस्तुतः ते काम शिट्टी वाजल्यानंतरच सुरू होते.

पाठलाग, झुकांडी, खांबाशी मारलेला सूर यांनी स्नायू झिजतात, गुडघे-कोपरे सोलवटतात, घामावाटे पाणी आणि मीठ निघून जाते. ही झीज भरून निघते ती विश्रांतीत. म्हणून जाणता प्रशिक्षक सामना संपताच मुलींना एकदम बसू देत नाही. थोडे चालवतो, पाणी पाजतो आणि तासाभरात पोटात काही जाईल असे पाहतो. दूध, अंडे, उसळ, नाहीतर शेंगदाणे-गूळ. ताज्या सुजेवर तेल लावून रगडण्याची आपल्याकडची सवय तो मोडून काढतो, कारण त्याने सूज वाढते; पहिले दोन दिवस बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणे हाच इलाज. दुखऱ्या पायाची मुलगी ‘मी खेळते’ म्हणाली तरी तिला बसवून ठेवणे हे त्याचे सर्वांत अवघड कर्तव्य.

पण हे करायचे कोणी? राष्ट्रीय संघाबरोबर अंगमर्दक, भौतिकोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ असतात. तालुक्याच्या स्पर्धेत हे सारे मिळून एकच क्रीडाशिक्षक असतो, आणि बर्फाचे पैसेही बहुधा त्याच्याच खिशातून जातात. सामना आटोपला की मुली त्याच संध्याकाळी एस. टी.ने गावी परततात. घरी गेल्यावर पाण्याचा हंडा चुकत नाही. भाऊ खेळून आला तर तो आडवा होतो. झोप हे सर्वांत स्वस्त औषध, पण मुलींना तेही पुरते मिळत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. अशा मुलीला थकवा आला तर तिला आळशी ठरवणे अन्यायाचे आहे. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो; नववीत, म्हणजे शरीर भराने वाढत असताना आणि खेळ खऱ्या अर्थाने कस पाहू लागतो तेव्हा, ताट काढून घेतले जाते. सवलतीची भाषा बोलणाऱ्या शासनाला या हिशेबातला क्रूरपणा दिसत नसेल, असे आम्ही मानत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवून तो जिंकला. खेळाला आता प्रतिष्ठा नाही, ही सबब उरलेली नाही. सराव करणाऱ्या मुला-मुलींना बारावीपर्यंत आहार द्यावा. स्पर्धेच्या खर्चात हारतुऱ्यांआधी जेवण, बर्फ आणि मुक्काम यांची तरतूद असावी. धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आहे. तेथे आठवड्यातला एक दिवस खेळाडूंच्या तपासणीसाठी राखून ठेवणे अशक्य नाही. क्रीडाशिक्षकांच्या रिक्त जागा हा प्रश्न तर स्वतंत्र आंदोलनाचाच आहे.

येत्या शालेय स्पर्धांच्या वेळी आपल्या कार्यकर्त्यांनी मैदानावर जावे, ते बक्षीस समारंभासाठी नव्हे. सामना संपल्यावर तासभर थांबावे. मुली काय खातात, लंगडणारीकडे कोण पाहते, परतीची गाडी किती वाजता सुटते, हे लिहून घ्यावे आणि तो कागद जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवावा.