फुटपाथवरून गाळ्यात जाताना

रस्त्यावर पुस्तके विकणाऱ्या प्रत्येक बांधवाच्या मनात एक इच्छा असते. डोक्यावर छप्पर असावे, शटरला स्वतःचे कुलूप असावे आणि पाऊस आला की ताडपत्री धरून उभे राहावे लागू नये. ही इच्छा गैर नाही. परंतु फुटपाथवर बरी कमाई असताना ज्यांनी गाळा घेतला आणि दोन वर्षांत अनामत रक्कमही घालवली, अशी माणसे आमच्या ओळखीत आहेत. ते दोष नशिबाला देतात. आमच्या मते दोष हिशेबाचा असतो.

आम्ही स्वतः अकरा वर्षे मुंबईत फुटपाथवर जुनी पुस्तके विकली. एका दुपारी गाडी आली आणि तीन पोती माल उचलून नेला. दंड भरून माल सोडवला तेव्हा निम्मी पुस्तके भिजलेली होती. त्या रागात आम्ही गाळा घेतला. आठ फूट बाय सहा फूट, तोही गल्लीच्या आत. दुकान म्हणजे कोरा माल, अशी आमची समजूत होती. घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर नवी पुस्तके भरली. फळ्या शोभून दिसत होत्या, गल्ला मात्र रिकामा. सहा महिन्यांनी रद्दीवाल्यांकडच्या जुन्या फेऱ्या पुन्हा सुरू केल्या, तेव्हा कुठे भाडे निघू लागले.

यातून आमचे मत असे बनले की, गाळ्याचे भाडे जुन्या पुस्तकांनीच भरावे. नवी पुस्तके दुकानात जरूर असावीत, पण त्यांच्या भरवशावर गाळा घेऊ नये.

साधा हिशेब पाहा. भाडे 10,000 रुपये, वीज 1,000 आणि माल आणण्या-नेण्याचे 2,000 धरले तर महिन्याचा खर्च 13,000 रुपये. महिन्यात 26 दिवस दुकान उघडे राहिले तर रोजचे 500 रुपये झाले. यात घरखर्च धरलेला नाही. नव्या पुस्तकावर रुपयामागे चार आणे सुटत असतील तर एवढे 500 निघायला रोज 2,000 रुपयांची विक्री हवी. जुन्या पुस्तकावर आठ आणे सुटले तर 1,000 रुपयांची विक्री पुरते. शिवाय नव्या पुस्तकावर ऑनलाइन कंपन्या जी सूट देतात ती आपल्याला परवडणारी नाही. जुन्या पुस्तकाचे तसे नाही. ते गिऱ्हाइकाला हातात धरून, पाने उलटून पाहायचे असते. त्याची किंमत ठरवण्याची नजर आपण फुटपाथवर उन्हात बसून कमावलेली आहे, तीच आपली खरी पुंजी.

मुंबईतील दोन उदाहरणे जुन्या व्यापाऱ्यांना आठवतील. टी. एन. शानभाग यांनी 1948 साली कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात पुस्तकांचा लहानसा स्टॉल सुरू केला. पुढे फोर्टमध्ये दुकान झाले तरी गिऱ्हाइकाला सूट देण्याची आणि स्वतः पुस्तक सुचवण्याची रीत सुटली नाही. ते दुकान 2018 साली बंद झाले. दुसरे उदाहरण काळबादेवी रस्त्यावरील न्यू अँड सेकंडहँड बुकशॉपचे. 1905 साली सुरू झालेले हे दुकान 2011 पर्यंत, म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ चालले. दोन्ही दुकाने आज नाहीत. नाव झाले म्हणजे धंदा कायमचा टिकतो असे नाही, हेही त्यातून शिकावे. पण जुन्या पुस्तकांवर दुकान चालत नाही असे म्हणणाऱ्याने दुसरे उदाहरण ध्यानात ठेवावे.

शालेय पुस्तकांबाबत मात्र सावध राहावे. जूनचा हंगाम मोठा असतो आणि जुनी पाठ्यपुस्तके अर्ध्या किमतीत हातोहात जातात. पण अभ्यासक्रम बदलला की तोच माल रद्दीच्या भावाने जातो. महाराष्ट्रात 2025 पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने पाठ्यपुस्तके बदलू लागली आहेत. कोणत्या इयत्तेचे पुस्तक कधी बदलणार याची चौकशी केल्याशिवाय ढीग विकत घेऊ नये.

आता कायद्याच्या चार गोष्टी. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार ज्याला विक्रीचे प्रमाणपत्र मिळते, त्याला उपजीविकेचे दुसरे साधन नाही असे लिहून द्यावे लागते. ती जागा भाड्याने किंवा अन्य प्रकारे दुसऱ्याला देताही येत नाही. म्हणजे गाळा घेतल्यावर फुटपाथची जागा भावाच्या नावाने चालू ठेवू, हा बेत कायद्यात बसत नाही. एकदा सोडलेली जागा परत मिळेल ही आशाही ठेवू नये. म्हणूनच हा निर्णय रागात घ्यायचा नसतो. आम्ही तो रागात घेतला, हे कबूल करतो.

गाळ्याचा करार तोंडी करू नका. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो; नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. मालक ओळखीचा आहे, नात्यातला आहे, म्हणून भिडेपोटी कागद टाळणारे पुष्कळ आहेत. देणेघेणे लिहून ठेवावे ही शिकवण आपल्याला तरी नवी नाही. बाकी खटाटोप फारसा नाही. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही आणि केवळ पुस्तके विकणाऱ्याला त्याची नोंदणी लागत नाही. एखाद-दोन माणसांच्या दुकानाला दुकाने कायद्याखाली ऑनलाइन सूचना देणे पुरते.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. फुटपाथवर नकली छपाईची पुस्तके सर्रास विकली जातात. खपणाऱ्या इंग्रजी पुस्तकाची हलक्या कागदावरची प्रत शंभर-दीडशेला जाते आणि गिऱ्हाईकही खूश असते. पण तो दुसऱ्याच्या मेहनतीचा माल आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 पासून 2 लाखांपर्यंत दंड आहे. फुटपाथवर असो की गाळ्यात, हा माल ठेवूच नये. गाळ्यावर तर आपल्या नावाची पाटी असते. एका छाप्यात माल जातो, मागोमाग अब्रूही.

शेवटी, गाळा घ्यावा की नाही हे ठरवण्याची आमची एक साधी रीत आहे. फुटपाथवर असतानाच सहा महिने रोज 500 रुपये वेगळ्या डब्यात टाका. भाडे सुरू झाले आहे असेच समजा. घरखर्च भागवून सहा महिने हे जमले, तर डब्यात 78,000 रुपये होतील. तीच तुमची अनामत, कुणापुढे हात पसरायला नको आणि व्याजही नको. मध्येच डबा फोडावा लागला तर समजावे की अजून वेळ आलेली नाही. त्यात कमीपणा मुळीच नाही. कर्जात उघडलेल्या दुकानापेक्षा नगदीवर चाललेला फुटपाथ बरा.

आमचा गाळा आजही आठ बाय सहाचाच आहे. नवी पुस्तके एका फळीवर आहेत, बाकी सर्व फळ्या जुन्यांच्या. भाडे महिन्याच्या पाच तारखेला जाते.