कुलपापलीकडची सुरक्षा

उन्हाळ्याची सुटी, आषाढीची वारी, कोजागरीला तुळजापूरची पायी यात्रा, दिवाळी आणि संक्रांतीच्या सुमारास भरणारी सिद्धेश्वराची गड्डा यात्रा अशा टप्प्यांनी सोलापूरकरांचे वर्ष विणलेले असते. या दिवसांत काही घरे ओस पडतात, तर काही पाहुण्यांनी गजबजतात. कारखान्यांत कधी मालाचे ढीग लागतात, कधी माग विसावतात. दागिने बँकेत ठेवा, शेजाऱ्यांना सांगून जा, प्रवासाची छायाचित्रे फेसबुकवर टाकण्याची घाई करू नका, या सूचना अशा वेळी हमखास दिल्या जातात. त्या रास्तच आहेत. परंतु संकट बाहेरून येते आणि कुलपाने अडते, असे त्यांच्यामागे एक गृहीतक असते. १८ मे २०२५ रोजी पहाटे सोलापूरने या गृहीतकाची मर्यादा पाहिली.

त्या रविवारी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली. मालकाचे कुटुंब आणि काही कामगार तेथेच राहत होते. आठ जणांचा अंत झाला. त्यांत वृद्ध मालक होते आणि त्यांच्या घरातील एक तान्हे बालकही होते. त्याच सकाळी हैदराबादेत चारमिनारजवळ, खाली दुकाने आणि वर निवास असलेल्या इमारतीतील आगीने सतरा जणांचा बळी घेतला. त्यांत आठ मुले होती. दोन्ही ठिकाणी माणसे आपल्याच छपराखाली झोपेत होती.

यावर ‘कारखान्यात राहायचेच कशाला?’ असा प्रश्न विचारणे सोपे आहे. तथापि सोलापूरच्या पूर्व भागात पुढे माग आणि मागे चूल अशी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. भौगोलिक मानांकन लाभलेल्या सोलापुरी चादरीमागे या घरांचे कष्ट आहेत. मालक रात्री मालाजवळ असला की चोरीचे भय उरत नाही, कामगाराचे घरभाडे वाचते आणि पहाटेची पाळी वेळेवर सुरू होते. हे अर्थकारण समजून न घेता काढलेले फर्मान टिकणार नाही. म्हणूनच खरा प्रश्न असा की, जेथे माणूस मालाशेजारी झोपतो, तेथे मालाइतकीच त्याचीही काळजी घेतली जाते का?

सुताची धूळ तारांवर, मोटारींवर, छताच्या कैच्यांवर साचत राहते. एखादी ठिणगी पडताच आग त्या धुळीवरून क्षणात धावते. सणाच्या मागणीसाठी तयार केलेले गठ्ठे जिन्यात आणि बोळात रचले जातात. चोराच्या धास्तीने मागचे दार कायमचे बंद होते, खिडकीला पक्की जाळी बसते. चोराला आत येऊ न देणारी ही तटबंदी मग घरच्या माणसालाही बाहेर जाऊ देत नाही. हैदराबादच्या त्या इमारतीत बाहेर पडण्यास एकच अरुंद वाट होती. चोरी झाली तर जाते ते धन पुन्हा मिळवता येते. वाट बंद झाली तर जाते ते परत येत नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार, ज्या इमारतींना तो लागू आहे तेथील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करावे लागते. मात्र कागद फायलीत आणि अग्निशामक नळकांडे चादरींच्या गठ्ठ्याआड, अशी स्थिती असेल तर प्रमाणपत्र आग विझवणार नाही. महापालिका, औद्योगिक विकास महामंडळ आणि यंत्रमागधारकांच्या संघटना यांनी एकत्र बसून, कोणत्या कारखान्यात रात्री किती माणसे झोपतात याची नोंद तरी करावी. आत माणूस आहे हेच ठाऊक नसेल, तर जवान त्याला शोधणार कोठे?

या विचाराचे बीज परंपरेत आहेच. घरात गणपती असताना दाराला कुलूप लावीत नाहीत. नवरात्रात अखंड दिवा तेवत असेल, तर घरचे कोणीतरी मागे राहते. जेथे ज्योत आहे तेथे जागे माणूस हवे, हे व्यवहारज्ञान त्या रिवाजात साठवलेले आहे. लक्ष्मीपूजनाची समई तेवत ठेवून दुकान बंद करणारा हे ज्ञान विसरतो. खंडेनवमीला धूळ साचलेल्या मोटारीवर झेंडूची माळ चढवणाराही पूजेचा अर्थ विसरतो. यंत्राची पूजा म्हणजे आधी त्याची स्वच्छता आणि निगा.

शेजारधर्माचेही तसेच आहे. मुले पुण्यात नोकरीला आणि वृद्ध आईवडील सोलापुरात, अशी घरे आज प्रत्येक पेठेत आहेत. त्यांची एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे असणे, सुटीत कोण गावाला गेले आणि कोण एकटे राहिले हे गल्लीला ठाऊक असणे, ही सुरक्षा कोणताही कॅमेरा देऊ शकत नाही. कॅमेरा पाहतो, धावून जातो तो शेजारी.

येत्या सुटीपूर्वी प्रत्येक कुटुंबप्रमुखाने आणि कारखानदाराने दाराला कुलूप लावताना तीन गोष्टी तपासाव्यात. बाहेर पडायला दुसरी वाट आहे का? ती मोकळी आहे का? आणि अंधारात, धुरात तिची किल्ली घरातल्या लहानग्यालाही सापडेल का? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तरच ते घर सुरक्षित म्हणावे.